दुःख खरं आहे, पण पुस्तक कसं आहे?

पत्र: "गेल्या सहा महिन्यांत चार आत्मचरित्रं आणि पाच कादंबऱ्या वाचल्या. आमच्या वाचनगटात दर महिन्याला एका पुस्तकावर पान-दोन पानं लिहून आणायची असतात. माझी गाडी 'खूप भिडलं' आणि 'मधे जरा रेंगाळतं' यापुढे सरकत नाही. आत्मचरित्राबद्दल काही उणं लिहायचं म्हटलं की अपराधी वाटतं. त्या माणसाने एवढं सोसलं आणि मी काय वाक्यांतल्या खोड्या काढत बसू? उलट कादंबरीत नायक आवडला नाही की सगळी कादंबरीच मनातून उतरते. गटातल्या एकांनी परवा ऐकवलं, 'हे मत नाही, ही तुमची आवडनिवड झाली.' शिवाय महिनाभरात अर्धं पुस्तक विसरून जाते ते वेगळंच. आणि शेवटचं: एक कादंबरी मी १३० पानांवर सोडली. तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे का? – एक वाचक"

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या पहिल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे. दोन्ही ठिकाणी तुम्ही पुस्तकातल्या माणसाबद्दल मत द्यायला जाताय. आत्मचरित्रात ज्याने सोसलं त्याच्याबद्दल, कादंबरीत जो नायक आहे त्याच्याबद्दल. ती वाक्यं मात्र या दोघांपैकी कुणीच लिहिलेली नाहीत. ती सांगणारा तिसराच असतो, आणि त्याला आपण निवेदक म्हणतो. काय सांगायचं, किती सांगायचं, कुठे थांबायचं हे तो ठरवतो. तुमचं मत त्याच्याबद्दल असायला हवं. एवढं एक धरून ठेवलंत तर बाकीच्या बऱ्याच गाठी आपोआप सैल होतील.

आधी आत्मचरित्र, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

फिलिप लजन या फ्रेंच अभ्यासकाने 1975 मध्ये आत्मचरित्राची एक साधी कसोटी मांडली: मुखपृष्ठावरचं नाव, सांगणाऱ्याचं नाव आणि ज्याची हकिगत आहे त्याचं नाव ही तिन्ही एकच असली पाहिजेत. लेखकाने वाचकाशी केलेला तो करारच. हा 'मी' म्हणजे मीच, असा शब्द तो देतो आणि त्या शब्दावर विसंबून आपण वाचतो. नाव एक असलं तरी वयं मात्र दोन असतात, हे वाचताना निसटतं. साठाव्या वर्षी लिहिणारा माणूस आठ वर्षांच्या मुलाबद्दल सांगत असतो. सोसलं त्या आठ वर्षांच्या मुलाने, लिहिलं साठ वर्षांच्या माणसाने. लिहिणाऱ्याच्या लेखनाला नावं ठेवल्याने त्या मुलाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) तर ही फोड लेखकानेच वाचकासमोर ठेवली आहे. दगडू मारुती पवार आपली हकिगत सांगतो आणि ती दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर बसवलेली. सगळी आत्मकथनं हे इतकं उघडपणे करत नाहीत, पण फोड प्रत्येकात असते. ती शोधणं हे तुमचं पहिलं काम.

कशी शोधायची ते एका नमुन्यावर बघू. समजा, पुस्तकात निवेदक सहा वर्षांचा असतानाचा हा प्रसंग आहे:

"दाराआडून आईबाबांचं भांडण ऐकू येत होतं. आई म्हणाली, 'या घराने माझं व्यक्तिमत्त्व चिरडून टाकलं.' मला तेव्हाच कळलं, की हा संसार आता फार काळ टिकणार नाही."

आणि हाच प्रसंग असाही लिहिता येतो:

"दाराआडून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. दाराखालच्या फटीतून आईचे पाय दिसत होते. ते एकदा आत वळले, एकदा बाहेर, मग बराच वेळ हललेच नाहीत. भांडण कशावरून होतं ते आईने मला पुढे तीस वर्षांनी सांगितलं."

दोन्हीकडे दुःख तेवढंच आहे. पहिल्या उताऱ्यात 'व्यक्तिमत्त्व चिरडणं' हे आईचं बोलणं की मोठेपणी सुचलेली भाषा, ते कळत नाही. 'तेव्हाच कळलं' यावर तर सहज विश्वास बसू नये. सहा वर्षांच्या मुलाला भीती कळते, संसाराचं भवितव्य कळत नाही. दुसऱ्या उताऱ्यात कुणाला काय आणि कधी कळलं हे स्वच्छ आहे: मुलाला पाय दिसले, कारण पुढे कळलं. आता तुम्ही लिहू शकता: 'लेखक लहानपणच्या प्रसंगांत मोठेपणीचं शहाणपण घुसवतो, पान 18, 41 आणि 67 वर हे ठळक दिसतं. हॉस्पिटलच्या प्रकरणात मात्र तो फक्त दिसलेलं सांगतो आणि तिथेच पुस्तक सगळ्यात ताकदीचं होतं.' यात सोसण्याचा कुठे अपमान आहे? उलट ते कुठे नीट पोचलं आणि कुठे पोचलं नाही, हे तुम्ही दाखवलंत.

'तेव्हाच कळलं', 'मला जाणवलं की', 'आयुष्यभर मी हे विसरलो नाही' अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारत जा. दोनशे पानांत अशा वीस रेघा आल्या तर निवेदक घडलेलं दाखवण्याऐवजी त्याचा अर्थ सांगण्यात रमलाय असं खुशाल म्हणा. चार-पाच असतील तर विषय सोडून द्या, तेवढी मुभा प्रत्येकाला आहे.

संवादांबद्दल लोक उगीच अडतात. पन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दशः कसं आठवेल, हा आक्षेप बरोबर आहे, पण त्यात फारसा दम नाही. आत्मचरित्रातले संवाद बहुतेक वेळा 'साधारण असं बोलणं झालं' या समजुतीने वाचायचे असतात. शंका घ्यायची ती वेगळ्या कारणाने. प्रत्येक वादात शेवटचं आणि झणझणीत वाक्य निवेदकाच्याच तोंडी येत असेल, समोरचा नेहमी निरुत्तर होत असेल, तर संवाद आठवणीतून आलेले नाहीत, ते हिशेब चुकते करायला लिहिलेत. असे दोन-तीन वाद शोधून पानांसकट नोंदवा.

तपशील चुकला म्हणून लेखक खोटं बोलला असं लगेच लिहू नका. उलरिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचा 28 जानेवारी 1986 रोजी स्फोट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितली, काय करत होतात. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यांपैकी 11 जणांचं एकही मुख्य उत्तर पहिल्या नोंदीशी जुळलं नाही, आणि तरीही अनेकांना आपली आठवण पक्की असल्याची खात्री होती. आत्मचरित्रकाराकडे तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीचा कागदही नसतो. त्यामुळे पाऊस कुठल्या वर्षी पडला, शिक्षकांचा सदरा कुठल्या रंगाचा होता यावर अडून बसू नये.

ठरवून केलेली बनवाबनवी ही निराळी गोष्ट. अमेरिकी लेखक जेम्स फ्राय यांच्या 'अ मिलियन लिटल पीसेस' (2003) या आत्मकथनात 87 दिवसांच्या तुरुंगवासाचा दावा होता. प्रत्यक्षात ते काही तासच ताब्यात होते, हे 2006 मध्ये उघड झालं आणि प्रकाशकाला वाचकांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. तेच पुस्तक कादंबरी म्हणून आलं असतं तर हा बोभाटा झालाच नसता. सदऱ्याचा रंग चुकला तर करार मोडत नाही. न भोगलेली शिक्षा भोगली म्हटलं की मोडतो.

आता एक काम सांगते, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि वाचनगटात ते कुणीच केलेलं नसतं. कागदावर तीन रकाने आखा: प्रकरण, पानं, त्यात गेलेली वर्षं. समजा 240 पानांच्या पुस्तकात पहिल्या बारा वर्षांना 110 पानं मिळाली, पुढच्या दहा वर्षांना 80, आणि त्यानंतरची तीस वर्षं उरलेल्या 50 पानांत उरकली. हा तक्ता समोर आला की 'शेवटी पुस्तक घाईत संपतं' या मोघम वाक्याला आकडा मिळतो. मात्र लगेच दोष देऊ नका. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त येतात, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. त्यामुळे तरुणपण जाडजूड असणं स्वाभाविक आहे. बघायचं ते असं, की ज्या गोष्टीचा निवेदक स्वतःच वारंवार उल्लेख करतो तिला पानं किती दिली? धाकट्या भावाशी आलेल्या दुराव्याने आयुष्य बदललं असं चार ठिकाणी म्हटलंय आणि तो दुरावा आला कसा याला एकच परिच्छेद आहे, तर पुस्तकात भोक आहे. भोक आहे एवढंच लिहा. त्यात काय दडलंय याचे अंदाज बांधू नका. ते मत उरत नाही, चहाटळपणा होतो.

दुसरीकडे, पुस्तकाने जे द्यायचं कबूलच केलं नाही ते मागूही नका. कुणी फक्त आजारपणाची दोन वर्षं लिहिली असतील तर 'बालपणाबद्दल काहीच नाही' हा आक्षेप होत नाही.

वाचायला घेण्याआधी श्रेयनामावलीचं पान बघायची सवय लावा. तिथे दोन गोष्टी सापडतात. एक, पहिल्या आवृत्तीचं साल. घटना आणि लेखन यांत पाच वर्षांचं अंतर आहे की चाळीस, यावर सांगण्याचा सूर ठरतो. पाच वर्षांत लिहिलेल्या पुस्तकात राग ताजा असतो, पण त्याकडे मागे वळून बघायला अंतर मिळालेलं नसतं. दुसरी गोष्ट, 'शब्दांकन' म्हणून कुणाचं नाव आहे का. खेळाडू, कलाकार, अधिकारी यांची बरीच आत्मचरित्रं अशी तयार होतात. आयुष्य एकाचं, वाक्यं दुसऱ्याची. तिथे 'लेखकाची शैली ओघवती आहे' असं लिहिलंत तर कौतुक भलत्याच्याच पदरात पडतं. अशा पुस्तकात सगळी प्रकरणं एकाच साच्याची होतात का, बोलणाऱ्याच्या तोंडचे खास शब्द टिकले आहेत की सगळं गुळगुळीत झालंय, ते बघा.

'प्रांजळ' हा शब्द आत्मचरित्रावर लिहिताना इतका स्वस्त झालाय की मी तर म्हणेन, वर्षभर वापरूच नका. 'मी फार हट्टी होते', 'माझा स्वभाव तापट' ही कबुली नव्हे, तो लाडका दोष झाला, सांगितल्याने उलट भावच वाढतो. सांगितल्याने निवेदकाची किंमत खरोखर कमी होईल अशी एखादी तरी गोष्ट आहे का? कुणावर अन्याय केला, आणि ते सांगून झाल्यावर 'पण तेव्हाची परिस्थितीच तशी होती' अशी पुस्ती न जोडता थांबला? अशी दोन ठिकाणं सापडली तरी पुस्तक प्रामाणिक आहे असं म्हणायला आधार मिळाला. एकही सापडलं नाही तर तेही लिहा. याच्या जोडीला पुस्तकातल्या इतरांकडेही बघा. भाऊ, जाऊ, सहकारी, घटस्फोटित जोडीदार यांना स्वतःची बाजू मांडायला दुसरं पुस्तक मिळणार नसतं. निवेदक त्यांना निदान एखादं चांगलं कारण देतो का, की सगळे जन्मजात दुष्ट?

कादंबरीकडे वळू.

नायक आवडला नाही, हे वाक्य लिहिण्याआधी तीनांपैकी काय झालं ते ठरवा. तो माणूस म्हणून आवडला नाही? तो पटला नाही? की त्याचं वागणं कादंबरीला मान्य आहे असं वाटून राग आला? पहिलं कारण कादंबरीविरुद्ध अजिबात जात नाही. लोभी, भित्रा, आपमतलबी माणूस नीट उभा राहिला असेल तर लेखकाने काम केलंय. दुसरं कारण गंभीर आहे आणि ते दाखवता येतं: पान 60 वर जो माणूस फोन उचलायला घाबरतो तो पान 95 वर भरसभेत भाषण ठोकतो, आणि मधल्या 35 पानांत त्याला बदलणारं काहीच घडत नाही. तिसरं सगळ्यात अवघड, म्हणून तिथे जरा थांबू.

कादंबरीतला 'मी' लेखक नसतो. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (1963) 'मी' म्हणून बोलतो तो पांडुरंग सांगवीकर. त्याच्या कंटाळ्याची, तुटकपणाची जबाबदारी कादंबरी त्याच्यावर ठेवते. तो सांगतो ते सगळं लेखकाचं मत धरून वाचलं तर निम्मी गंमत हातची जाते. काही निवेदक तर मुद्दाम असे घडवलेले असतात की त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवूच नये. अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने 1961 मध्ये मांडली. असा निवेदक ओळखायचा तो विसंगतीवरून. तो म्हणतो 'आमच्यात काही बिनसलेलं नव्हतं', आणि बायको मात्र तीन प्रकरणं त्याच्याशी एकही पूर्ण वाक्य बोलत नाही. तो न विचारता खुलासे देतो. नेमका महत्त्वाचा दिवस गाळून तो थेट पुढच्या महिन्यावर जातो. या खुणा असतील तर नायकाचा राग येणं हाच कादंबरीचा डाव आहे आणि तो तुमच्यावर यशस्वी झालाय.

मग कादंबरी त्याला खरोखर पाठीशी घालते की नाही, हे कसं ठरवायचं? त्याच्या विरोधात बोलणाऱ्या पात्रांना किती बळ दिलंय ते पाहा. त्यांचा युक्तिवाद भक्कम असेल, निदान एकदा तरी नायकाकडे उत्तर नसेल, तर लेखक नायकाच्या बाहेर उभा आहे. विरोध करणारे सगळे मूर्ख किंवा मत्सरी असतील आणि नायकाच्या कृत्याची झळ कुणालाच बसलेली दिसत नसेल, तर तुमचा राग रास्त आहे. तेव्हा तो स्पष्ट लिहा, पण ते दोन प्रसंग दाखवून.

'मधे रेंगाळतं' या तक्रारीचं निदानही करता येतं. आधी पानं पक्की करा: कुठून कुठपर्यंत? मग त्या भागातल्या प्रत्येक प्रकरणासमोर एका ओळीत लिहा, की प्रकरण संपताना सुरुवातीपेक्षा काय वेगळं झालं. घटनाच हवी असं नाही. कुणाला नवं काही कळलं, कुणाचं कुणाशी नातं बदललं, वाचकाची समजूत उलटली, यातलं काहीही चालेल. दोन-तीन प्रकरणांसमोर ओळ रिकामी राहिली तर कारण बहुधा यांपैकी असतं. वाचकाला जे पान 140 लाच कळलं ते नायकाला 190 पर्यंत कळत नाही, आणि मधली पन्नास पानं आपण त्याची वाट बघत बसतो. हे फार वेळा होतं, विशेषतः गुपितावर उभ्या असलेल्या कादंबऱ्यांत. किंवा एकच काम करणारे दोन-तीन प्रसंग लागोपाठ येतात: वडील कठोर आहेत हे पहिल्याच जेवणाच्या प्रसंगात समजलेलं असतं, पुढचे दोन तेच पुन्हा सांगतात. किंवा अर्ध्यावर नव्या पाच-सहा पात्रांची ओळख सुरू होते आणि जुन्यांचा धागा चाळीस पानं सुटतो. चौथी शक्यता तुमच्याकडची आहे. तो भाग तुम्ही रोज रात्री सहा-सात पानं, डोळ्यांवर झोप असताना वाचलात का? तसं असेल तर पंचवीस-तीस पानं एका बैठकीत पुन्हा वाचून मगच शेरा मारा.

संथ असणं हा मात्र स्वतःहून दोष नाही. अमेरिकी कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी 1975 मध्ये परीक्षणासाठी काही नियम घालून दिले, त्यांतला पहिला असा: लेखकाला काय करायचं होतं ते आधी समजून घ्या आणि जे त्याने करायला घेतलंच नव्हतं ते जमलं नाही म्हणून त्याला दोष देऊ नका. पहिली वीस पानं पुन्हा वाचा. तिथे कादंबरी आपली चाल सांगून टाकते. जिची सुरुवातच एका दुपारच्या तीस पानांच्या वर्णनाने होते तिच्याकडून तुम्ही पाठलाग मागू शकत नाही. जी पहिल्या पानावर प्रेत दाखवते तिच्याकडून मागू शकता.

दोन्हींच्या मधला एक प्रकार तुमच्या पाच कादंबऱ्यांतही असण्याची शक्यता आहे: आत्मपर कादंबरी. नायकाचं नाव, गाव, नोकरी लेखकाशी जुळतं, पण मुखपृष्ठावर 'कादंबरी' असंच छापलेलं असतं. सर्ज दुब्रोव्स्की या फ्रेंच लेखकाने 1977 मध्ये या प्रकाराला 'ऑटोफिक्शन' हे नाव दिलं. छापलंय तेच प्रमाण मानून वाचा. यातलं खरं किती हे शोधण्यात गटाची अख्खी बैठक जाते आणि पुस्तक बाजूला राहतं.

विसरण्याबद्दल. दोष तुमच्या डोक्याचा नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा मोठा भाग सुरुवातीच्या तासा-दिवसांतच उरकतो. त्यामुळे आठवड्याने टिपण काढू म्हणणं व्यर्थ आहे. पुस्तक संपलं की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, ते मिटून ठेवून, दहा मिनिटं आठवेल ते लिहा. चाळायचं नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. दहा मिनिटांत दीडशे-दोनशे शब्द होतात. नावं चुकली, क्रम उलटा झाला तरी हरकत नाही. नंतर पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करा. ज्या गोष्टी तुम्ही चुकीच्या लिहिल्यात त्यांकडे नीट बघा. एखादं पात्र पुस्तकात मरत नाही आणि तुम्ही मारून टाकलंत, तर लेखकाने तशी हवा तयार केली होती का, हा लिहिण्याजोगा मुद्दा असतो.

वाचताना समासात सौम्य पेन्सिलीने उभी रेघ पुरे, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पानाचा आकडा व तीन-चार शब्द: '41 – आई, दार, तेव्हाच कळलं'. दोनशे पानांना दहा ते पंधरा नोंदी. पिवळ्या पेनाने अर्धं पुस्तक रंगवणाऱ्यांना नंतर काहीच सापडत नाही. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर हेच एका कागदाच्या पट्टीवर करा आणि पट्टी आतच ठेवा. ई-बुकात अक्षर मोठं केलं की पानं सरकतात, म्हणून तिथे प्रकरणाचा क्रमांक आणि उताऱ्याचे पहिले चार शब्द टिपा.

आता ते पान-दोन पानं. पाचशे-सहाशे शब्द धरा. गोष्ट सांगायला शंभरच्या वर देऊ नका आणि कादंबरीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नका. पुढचं सांगितल्याशिवाय मुद्दाच मांडता येत नसेल तर तशी सूचना आधी द्या. अवतरणं दोन, प्रत्येकी वीस ते चाळीस शब्दांची, आणि प्रत्येकानंतर ती का दिली ते लगेच सांगा. नुसती सुंदर वाक्यं चिकटवल्याने लेखकाचं बरं होतं, तुमचं मत कळत नाही. मुद्दे दोनच घ्या. सहा मुद्दे प्रत्येकी दोन ओळींत मांडले की पुन्हा शेरेच होतात.

पहिला खर्डा झाला की 'भिडतं', 'अंतर्मुख करतं', 'खिळवून ठेवतं', 'वास्तवदर्शी', 'ओघवतं' हे शब्द शोधा आणि प्रत्येकासमोर 'कुठे?' लिहा. 'आईचं पात्र मनाला भिडतं' याला उत्तर सापडतं: 'आई कधीच रडताना दिसत नाही, मुलगा घर सोडून जातो त्या रात्री ती त्याच्या वह्यांना कव्हरं घालत बसते, आणि लेखिका त्यावर एक शब्दही बोलत नाही.' दुसरं वाक्य लिहून झाल्यावर पहिलं खोडून टाकता येतं. उत्तर सापडलं नाही तर शब्दासकट वाक्य काढा.

तुम्हाला टोकणाऱ्या त्या सदस्यांचं निम्मं खरं आहे. आवडनिवड असतेच, ती लपवायची गरज नाही. 'मला आजारपणाची वर्णनं सोसत नाहीत, त्यामुळे हॉस्पिटलची वीस पानं मी भरभर उरकली' असं एका वाक्यात सांगून टाका. ऐकणारा तेवढी वजावट करून घेतो आणि तुमच्या बाकीच्या म्हणण्यावर जास्त विश्वास ठेवतो. तारे देत असाल तर एकच आकडा न देता लेखनाला वेगळा आणि तुम्हाला किती रुचलं त्याला वेगळा द्या. दोन्हींत फरक पडेल तिथे लिहिण्यासारखं काहीतरी हमखास सापडेल.

अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव घ्या. मूळ भाषा येत नसेल तर 'मुळाशी इमान राखणारा अनुवाद' असं म्हणायचा आधारच आपल्याकडे नसतो. मराठी कशी वाचली जाते तेवढं सांगता येतं: सगळी पात्रं, भाजीवाला आणि न्यायाधीश दोघेही, एकाच पुस्तकी भाषेत बोलतात का, वाक्य दोनदा वाचावं लागतं का.

राहिली ती 130 पानांवर सोडलेली कादंबरी. बोला, खुशाल बोला, फक्त सुरुवातीलाच '310 पैकी 130 पानं वाचली' असं सांगा. मग त्या 130 पानांतल्या निवेदनाबद्दल, भाषेबद्दल, पात्रांच्या ओळखीबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण ग्राह्य आहे. शेवट, रचना, नायकाचं पुढे काय केलं याबद्दल गप्प राहायचं. शेवटच्या प्रकरणावर नजर टाकून सगळं वाचल्याचा आव तर अजिबात आणू नका, गटात ते पहिल्या प्रश्नालाच उघडं पडतं. आणि नेमकी कुठल्या पानावर, कुठल्या वाक्याशी सोडलीत ते आठवत असेल तर तिथूनच लिहायला सुरुवात करा. पूर्ण वाचलेल्यांपैकी कुणीतरी लगेच सांगेल, की तुमचा आक्षेप पुढच्या पानांत फिटतो की आणखी वाढतो.